ओट्यावरची ओली भांडी आणि फिनलंडचे बिनबुडाचे कपाट

हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पो शहरात आमचे घर आहे. स्वयंपाकघरात सिंक आणि शेगडी यांच्या मधोमध पोळपाट आणि परात शेजारी-शेजारी मावतील एवढाच ओटा आहे, आणि चार माणसांचा दोन्ही वेळचा स्वयंपाक त्यावरच होतो. तिथे भांडी निथळण्याची टोपली मांडली तर कणीक मळायला जागा उरणार नाही. सुदैवाने ती मांडावी लागत नाही, आणि त्याचे श्रेय सिंकच्या बरोबर वर बसवलेल्या कपाटाला जाते.

बाहेरून हे कपाट शेजारच्या कपाटांसारखेच दिसते. दार उघडले की आत फळ्यांऐवजी तारेच्या जाळ्या दिसतात. एका जाळीला ताटल्या उभ्या खोचण्यासाठी खाचा असतात, तर दुसरी पेले आणि कप पालथे घालण्यासाठी सपाट असते. कपाटाला तळ नसतो. भांडे विसळून हात वर नेला की ते जागेवर गेले, त्यातले पाणी थेट सिंकमध्ये पडते, दार लावले की ओली भांडी नजरेआड होतात, आणि पुढच्या जेवणाला ती तिथूनच काढायची असतात. इथल्या जुन्या-नव्या बहुतेक घरांत असे कपाट आढळते. डिशवॉशर घरोघरी आले, तरी ते हटलेले नाही.

फिनलंडमध्ये हे कपाट रूढ करण्याचे श्रेय माइयू गेबहार्ड यांना दिले जाते. कामाच्या कार्यक्षमतेचा अभ्यास करणाऱ्या ‘त्युओतेहोसेउरा’ या संस्थेच्या गृहविभागाच्या त्या प्रमुख होत्या, आणि १९४४-४५ च्या सुमारास त्यांनी ते विकसित केले. घर सांभाळणाऱ्या स्त्रीचे आयुष्यातील सुमारे ३०,००० तास भांडी धुण्यात आणि पुसण्यात जातात, असा त्यांचा हिशेब सांगितला जातो. म्हणजे रात्रंदिवस धरून जवळजवळ साडेतीन वर्षे. १९४८ मध्ये एन्सो-गुत्झाइट या कंपनीने अशी कपाटे कारखान्यात बनवायला सुरुवात केली. सुरुवातीच्या जाळ्या लाकडी होत्या, तारेच्या नंतर आल्या. अमेरिकेत अशा कपाटाचे पेटंट त्याआधीच दिले गेले होते, पण ते घराघरांत पोहोचले ते इथे.

माझ्या मते गेबहार्डबाईंची खरी हुशारी पुसण्याचे काम वाचवण्यापेक्षा वेगळ्याच गोष्टीत आहे. आपल्याकडे प्रत्येक भांड्याला दोन जागा लागतात, एक ओले असतानाची आणि एक कोरडे झाल्यानंतरची. ओट्यावरचा पसारा म्हणजे बहुतांशी पहिल्या जागेवरून दुसऱ्या जागेवर न गेलेली भांडी असतात. भिंतीवरच्या स्टीलच्या मांडणीत ताटांसाठी खाचा असतात, म्हणजे अर्धी कल्पना आपल्याकडेही आहेच; पण मांडणी बहुधा सिंकपासून दूर, कोरड्या भिंतीवर असते, म्हणून भांडी आधी टोपलीत निथळतात आणि कोणीतरी ती लावण्याची वाट पाहत बसतात. हे ‘कोणीतरी’ कोण, हे प्रत्येक घराला ठाऊक असते.

आई उन्हाळ्यात इकडे आली तेव्हा तिने पहिल्याच दिवशी विचारले, “अगं, ओली भांडी कपाटात बंद करतेस, वास नाही येत?” तिची शंका रत्नागिरीच्या पावसाळ्यातून आलेली होती आणि तिथे ती अगदी रास्त आहे. इथे मात्र हिवाळ्यात घर सतत तापवलेले असल्यामुळे आतली हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात, आणि रात्री लावलेल्या बशा सकाळी कोरड्या ठणठणीत मिळतात. पाणीही सौम्य आहे. ते पैय्यान्ने तलावातून १२० किलोमीटर लांबीच्या, खडकातून खोदलेल्या बोगद्याने राजधानीच्या परिसरात येते. बोअरच्या पाण्याने स्टीलवर उठतात तसे पांढरे डाग इथे पडत नाहीत, त्यामुळे न पुसताही ताटे स्वच्छ दिसतात.

अडचण येते ती आपल्या भांड्यांची. जाळीच्या खाचा चपट्या बशांच्या मापाच्या असतात. स्टीलचे उभ्या काठाचे ताट एक खाच सोडून लावावे लागते, आणि त्याच्या मुडपलेल्या काठात अडकलेले पाणी उलटून झटकल्याशिवाय निघत नाही. वाट्या एकीत एक घातल्या की मधल्या तशाच ओल्या राहतात, म्हणून मी त्या जाळीच्या तारेला टेकवून तिरप्या लावते. कुकर, कढई आणि परात यांना त्या कपाटात थाराच नाही. ती घासून लगेच पुसायची आणि खालच्या खणात ठेवायची, असा आमच्याकडे दंडक आहे, आणि पंचा खांद्यावर टाकून ते काम मुलांचे बाबा करतात. कुकरची रिंग दाराच्या आतल्या हुकाला टांगलेली असते. लोखंडी तवा ओला राहिला तर गंजतो, म्हणून तो धुतल्यावर शेगडीवरच वाळवायचा. पोळपाट-लाटणे मात्र खिडकीशी उभे राहते, कारण लाकूड बंद कपाटात नीट वाळत नाही.

मुंबई-पुण्यातल्या छोट्या फ्लॅटमध्ये असे काही करून घेता येईल का, असे बरेच जण विचारतात. येईल, पण हुबेहूब नको. प्लायवुडचा सांगाडा आणि बंद दारे आपल्या पावसाळ्यात फुगतील, बुरशी धरतील, आणि ओलसर अंधारात झुरळांची सोय होईल. त्यापेक्षा सिंकच्या वर चांगल्या स्टीलची उघडी जाळी बसवावी, ताटांच्या खाचा आपले ताट नेऊन मोजून घ्याव्यात, आणि रोज लागतात तेवढीच भांडी तिच्यावर ठेवून पाहुण्यांचा संच माळ्यावर टाकावा. जाळीची उंची भांडी घासणाऱ्या व्यक्तीचा हात टाचा न उचलता पोहोचेल अशी हवी. अनेक घरांत ती व्यक्ती म्हणजे कामाला येणाऱ्या मावशी असतात, तेव्हा सुतार मापे घ्यायला येईल त्या वेळी त्यांनाही थांबवून घ्यावे.