28 मिलिमीटरची चाकं: पहिले 412 किलोमीटर

जुनी माउंटन बाइक भाच्याला दिली आणि मेअखेरीला हायब्रिड, म्हणजे रोड बाइक आणि माउंटन बाइकच्या मधली सायकल, घेतली. जुनीचे टायर 26 बाय 2.1 इंच, नवीचे 700 बाय 28 मिलिमीटर. म्हणजे रुंदी 54 मिलिमीटरवरून थेट 28 वर, जवळजवळ निम्मी. रोजचा पल्ला कोथरूड डेपो ते शिवाजीनगर, जाऊन-येऊन 16 किलोमीटर.

पहिले तीन दिवस हॅण्डलची भीती वाटली. जुन्या सायकलला वळवावं लागायचं, हिला मनात आलं की चाक वळलेलंच असतं. मागून बसचा हॉर्न आला की मी हॅण्डल आवळून धरायचो आणि त्यानंच चाक जास्त डुगडुगायचं. चौथ्या दिवशी कोपरं मुद्दाम सैल सोडली, पकड हलकी केली आणि नजर चाकापुढून काढून पंधरा-वीस मीटर पुढे ठेवली. त्या दिवसापासून सायकल सरळ धावते.

खरा धडा मिळाला तो हवेचा. टायरच्या कडेवर कमाल 100 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लिहिलंय, म्हणून मी पूर्ण 100 भरली. पौड रस्त्यावरच्या प्रत्येक ठिगळाचा हिशेब मनगटात जमा होत होता, ऑफिसात पोचल्यावर अर्धा तास बोटांना मुंग्या. मग चिडून एकदम 50 वर आणली. काय मऊ चालली! दोन दिवस. तिसऱ्या दिवशी एका गतिरोधकाच्या तुटक्या कडेवर मागचं चाक आपटलं आणि शंभर मीटरवर रिम जमिनीला टेकली. ट्यूब काढून पाण्यात बुडवली तर शेजारी-शेजारी दोन बारीक चिरा, साप चावल्यासारख्या. खिळा नाही, काच नाही. हवा कमी असली की टायर पुरता दबतो आणि रिम व रस्त्याची कड यांच्यात ट्यूब चिमटते, त्याची ही खूण. रुंद टायरमध्ये हवाच एवढी असते की 35-40 पीएसआयवर सुद्धा हे सहसा होत नाही.

माझं, सायकलचं आणि बॅगेचं मिळून वजन 88 किलो. पाच-पाच पीएसआयनं वरखाली करत आता मागे 75, पुढे 65 वर स्थिरावलोय. पुढच्या चाकावर भार कमी येतो, म्हणून तिथे हवाही कमी चालते, आणि मनगटांना सगळ्यात जास्त आराम त्या दहाच्या फरकानंच मिळाला. बारीक ट्यूबची हवा लवकर उतरते. दर रविवारी सकाळी चहाआधी गेजवाला पंप लावतो. अंगठ्यानं दाबून कळत नाही मंडळी, 55 आणि 75 बोटाला सारखेच कडक लागतात.

त्या पंक्चरच्या दिवशी जवळ जादा ट्यूब नव्हती. कोपऱ्यावरच्या काकांनी आपुलकीनं "28ची आहे ना, ही घ्या" म्हणून ट्यूब पुढे केली. ती निघाली आपल्या जुन्या काळ्या सायकलची, 28 बाय दीड इंचाची. दोन्हींना बोलताना 28च म्हणतात, पण काळ्या सायकलची रिम 635 मिलिमीटरची आणि आपली 622 ची. शिवाय तिचा व्हॉल्व्ह जाड. माझ्या रिमला प्रेस्टा या बारीक व्हॉल्व्हचं 6.5 मिलिमीटरचं भोक, त्यातून तो जाईचना. "दादा, हे आपल्याकडं नाही चालायचं," म्हणत काकांनी माझ्याच ट्यूबला दोन ठिगळं लावून दिली. हवा भरायला त्यांची नळीही बसत नव्हती. आता बॅगेत पितळी अ‍ॅडॅप्टर, दोन ट्यूब आणि टायर रिमवरून उचकटायच्या दोन पट्ट्या (टायर लिव्हर) कायमच्या. प्रेस्टाची टोकाची बारीक चकती आधी सैल करायची, एकदा दाबून फुस्स आवाज काढायचा आणि मगच पंप लावायचा. नाहीतर हवा आत शिरतच नाही.

रस्त्याकडे बघायची नजर पार बदलली. खड्डा दिसतो, चुकवता येतो. घातक असते ती लांबीनं धावणारी फट. आमच्या गल्लीत काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक जिथे भेटतात तिथे दीड इंचाची कड आहे. तिला समांतर जात हळूच वर चढायला गेलो, तर पुढचं चाक कडेला घासत राहिलं आणि पाय टेकावा लागला. आता आधी मागे बघून थोडं बाहेर येतो आणि जमेल तितकं काटकोनात ओलांडतो. सांडपाण्याच्या जाळ्यांचंही तेच, पट्ट्या रस्त्याच्या दिशेनं असतील तर लांबूनच वळसा. गतिरोधकावर सीटवरून किंचित उठून गुडघे मऊ ठेवले की मागचं चाक आपटत नाही.

वाटेतला जंगली महाराज रस्ता म्हणजे या चाकांचं माहेर. 1976 साली बांधलेला आणि पुढे कित्येक दशकं खड्ड्यांविना टिकलेला हा रस्ता किती सपाट आहे, ते मला आत्ता हाताला कळलं. तिथे चाकांचा नुसता सर्रर्र आवाज येतो. तेवढ्यासाठी सकाळी दहा मिनिटं लवकर निघतो.

पहिला पाऊस झाला त्या दिवशी झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर मागचं चाक बोटभर सरकलं. ओला रंग आणि चेंबरची लोखंडी झाकणं यांच्यावर ब्रेक नाही, वळण नाही, पायडलला जोर नाही. वेग आधीच कमी करून सरळ निघायचं.

वेळ 34 मिनिटांवरून 29 वर आलाय, बाकी सगळं सिग्नलच्या हातात.

पुढचं काम 32 चे टायर बसतात का बघायचं होतं. काल मोजलं: मागच्या दांड्यांमध्ये 41 मिलिमीटर जागा आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचार उरतात. पण मग मडगार्ड बसत नाही, आणि पावसाळ्यात मडगार्ड काढणार नाही. तेव्हा दसऱ्यापर्यंत 28 च.