चिठ्ठी नसेल तर नमुना शोभेचाच

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही निसर्गाचा अभ्यास करणारी मुंबईची संस्था, १८८३ सालची. तिने १९११ मध्ये सुरू केलेल्या सस्तन प्राण्यांच्या सर्वेक्षणातले, जतन केलेल्या प्राण्यांचे नमुने आजही कामाला येतात, ते सोबतच्या चिठ्ठीमुळे: ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. एखादी जात पूर्वी कुठवर होती, हे त्यावरून कळतं. नुसतं ‘कोकण’ लिहून भागत नाही.

पावसाळी मुंबईत खरी डोकेदुखी बुरशीची आणि डर्मेस्टिड भुंगेऱ्यांची. त्यांच्या अळ्या पिसं, केस, वाळलेले किडे फस्त करतात. नमुन्याखाली बारीक भुकटी दिसली की अळ्या लागल्या असं समजायचं. मग त्या मारायला नमुना पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवायचा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर दमट हवेचं पाणी थेट नमुन्यावर साचतं. जुन्या कातड्यांना बहुधा आर्सेनिक चोळलेलं असतं, तेव्हा हातमोजे हवेतच.

बेडूक-साप आधी फॉर्मॅलिनमध्ये (शरीर कुजू न देणारं रसायन), नंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये. फॉर्मॅलिन डीएनए खराब करतं, म्हणून ऊतीचा तुकडा त्याआधीच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये काढून ठेवावा. बरणीतली चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी. बॉलपेनची शाई विरघळते. शाळेच्या सहलींसाठी वेगळे नमुने ठेवावेत. अभ्यासासाठी जपलेला संदर्भसंग्रह मुलांच्या हाती देऊ नये, ती कितीही गोड असली तरी.