प्रेस वाइननं डाव फिरवला

मधल्या पोकळीचं कोडं सुटलं. निदान अर्धं तरी.

मागच्या नोंदी वाचणाऱ्यांना माझ्या घरगुती रेड वाइनच्या ब्लेंडची रड पाठ असेल. द्राक्षांच्या दोन जाती: कॅबर्ने सोव्हिन्यॉ ६० टक्के, मर्लो ४०. वास मस्त, पहिला घोट मस्त, आणि मग घशापर्यंत जाताना मधे काहीच नाही. शेवटी टॅनिन (साली-बियांतला तुरट घटक) एकदम येऊन हिरड्यांना चिकटतं. मर्लो वाढवली की मऊपणा येतो, पण चव आखूड होते. कॅबर्ने वाढवली की तोंड आणखी कोरडं पडतं. कॅबर्ने फ्रांक ही तिसरी जात घातली तेव्हा वास खुलला, पोकळी जागच्या जागी.

तेवढ्यात फ्रान्सच्या बोर्दो आणि ऱ्होन भागांच्या धाटणीचे ब्लेंडच करणाऱ्या एका वायनरीत जायचा योग आला. २२५ लिटरच्या ओक बॅरल्सच्या रांगा वगैरे फोटोपुरत्या ठीक. खरी मजा ब्लेंडिंगच्या टेबलावर. तिथल्या ब्लेंडरबाई प्रत्येक जात, प्रत्येक तुकड्यातली द्राक्षं वेगळी आंबवतात आणि वेगळीच मुरवतात. त्यांनी एकेक घटक चाखायला दिला. शेवटचा ग्लास शाईसारखा गडद, चवीला रासवट, जिभेवर खरखरीत.

"ही काढून टाकणार ना?" मी विचारलं.

"हिच्यावाचून आमचं पानही हलत नाही," त्या म्हणाल्या, आणि १०० मिलीच्या सिलिंडरमध्ये ९५ मिली बेस (मुख्य मिश्रण) घेऊन वर ५ मिली ती सोडली.

प्रेस वाइन! आंबवण संपल्यावर टाकीतून आपसूक निथळते ती फ्री रन, मागे राहिलेल्या साली-बिया दाबून निघते ती प्रेस. रंग, टॅनिन जास्त, पीएचही सहसा चढा, म्हणजे आंबटपणा कमी. ती बाजूला मुरवून शेवटी बेताने मिसळायची, ही बोर्दोतली मुरलेली रीत. घरी करणारे आपण बहुतेक जण दोन्ही एकाच कार्बॉयमध्ये (वाइन मुरवायच्या मोठ्या बाटलीत) ओतून मोकळे होतो.

तिथेच ३, ५ आणि ८ टक्के असे ग्लास झाकून चाखले. ३ वर फरक जेमतेम. ८ वर बियांचा कडवटपणा डोकं वर काढतो. ५ वर मात्र मधला भाग भरला! गंमत म्हणजे टॅनिन वाढवूनही शेवटचा कोरडेपणा कमी वाटला, कारण आता ते एकटं येत नाही, आधीपासून सोबतीला असतं.

पेटी व्हेर्दो या गडद जातीबद्दलही बोलणं झालं. रंगाला आणि कण्याला २-३ टक्के पुरते, त्यापुढे तीच बोलायला लागते. मला तरीही मार्सेलान खुणावतेय. कॅबर्ने सोव्हिन्यॉ आणि ग्रनाशचा हा १९६१चा संकर. २०२१पासून खुद्द बोर्दोतही मर्यादित प्रमाणात चालतो. पण ते नंतर.

घरी आल्या आल्या मर्लोच्या प्रेसचा बाजूला ठेवलेला छोटा कार्बॉय उघडला. ५ टक्क्यांवर तोच परिणाम, थोडा सौम्य. एक सांगते, या ट्रायलला काचेचा पिपेटच हवा. प्लॅस्टिकच्या सिरिंजला आधीच्या वाइनचा वास धरून राहतो आणि १ मिलीच्या फरकात तो दगा देतो. पीएच मीटरसोबत आलेलं, मीटर जुळवायचं बफर द्रावण तर नुसतं रंगीत पाणी निघालं. विक्रेत्याचं उत्तर अजून यायचंय. दुसरं बफर आणून मोजलं, ब्लेंडचा पीएच चढलाय. पीएच चढला की वाइन टिकवणारं सल्फाइट कमी काम करतं, तेव्हा त्याचा हिशेब नव्याने करा: रेडसाठी ०.५ मॉलिक्युलर (जंतूंवर प्रत्यक्ष काम करणारा भाग, लिटरला मिलिग्रॅममध्ये) धरलं तर ३.५ पीएचला फ्री एसओटू (मोकळा सल्फर डायऑक्साइड) लिटरला साधारण २५ मिलिग्रॅम पुरतं, ३.७ला ४०च्या आसपास लागतं.

मिसळलेला नमुना लगेच चाखून निकाल लावू नका. माझा दुसऱ्या दिवशी जास्त गोलाई धरून होता.

आता बाटल्या भरणारच होते, पण हे लिहिता लिहिता सुचलं: मर्लोऐवजी कॅबर्ने फ्रांकची प्रेस घातली तर? वास आणि भराव दोन्ही एकाच घटकातून. माझ्याकडे ती वेगळी काढलेली नाही, म्हणून बाटल्या थांबल्या आणि पुढच्या हंगामाचा बेत बदलला. प्रेसचे दोन भाग करणार, हलक्या दाबाचा एक, जोराच्या दाबाचा दुसरा. बास्केट प्रेसवर (पट्ट्यांच्या टोपलीच्या दाबयंत्रावर) हलका दाब कुठे थांबवायचा, हे मीटरवर ठरवता का चाखून? कुणी केलं असेल तर आकडे टाका.