लाइट जेम, रेडिओची खरखर आणि रडार: जुन्या स्टेल्थ-हॉरर गेमची परीक्षणं, तिसरा टप्पा

या टप्प्यात लपतछपत खेळायचे (स्टेल्थ) आणि भीतीचे (हॉरर) असे चार गेम हातात घेतले. ‘थीफ: द डार्क प्रोजेक्ट’ पूर्ण झाला. ‘सायलेंट हिल 2’ एकदा संपवून दुसऱ्या फेरीत आहे. ‘रेसिडेंट ईव्हिल’च्या 2002 च्या रीमेकमध्ये ख्रिस आणि जिल अशी दोन पात्रं खेळता येतात; ख्रिसची बाजू झाली, जिलची अर्धी बाकी आहे. ‘मेटल गियर सॉलिड’चं सुरुवातीच्या गोदीपासून हेलिपॅडपर्यंतचंच मोजमाप झालंय. चौघांना प्रश्न एकच विचारला: धोका किती जवळ आहे हे गेम खेळणाऱ्याला कशातून कळवतो आणि त्या खुणेवर कितपत विसंबता येतं? ग्राफिक्स जुने झाले की नाहीत हा मुद्दा या नोंदींत मुद्दामच मागे ठेवलाय. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या या गेममध्ये आजही जे काम करतं ते या एका प्रश्नाच्या उत्तरात सापडतं.

आधी मांडणी, कारण इथेच बहुतेक परीक्षणं चुकतात. स्क्रीनचा ब्राइटनेस गेम सुरू करण्यापूर्वी, खोलीतला दिवा मालवून ठरवा आणि मग अख्ख्या गेममध्ये त्याला हात लावू नका. अडलं की गॅमा, म्हणजे चित्राचा उजळपणा, वाढवायची सवय लागली, तर अंधार मोजायची पट्टीच हातातून जाते. आवाजासाठी बंद कपांचे हेडफोन घ्या, स्पीकर नकोत. छतावरचा पंखा जोरात असेल तर ‘थीफ’मधली गालिच्यावरची पावलं त्या घरघरीत बुडतात आणि मग गेमनेच आवाज दिला नाही असा गैरसमज होतो. साउंड कार्डच्या सॉफ्टवेअरमधलं व्हर्च्युअल सराउंड बंद करा. गेम स्वतः दिशा काढत असताना त्यावर दुसरा थर चढला की पुढचा आवाज मागून आल्यासारखा वाटतो.

आता ‘थीफ’. चोर बनून सावलीत लपत खेळायचा, लुकिंग ग्लास स्टुडिओजचा हा गेम 1998 चा. मूळ आवृत्तीत 12 मोहिमा होत्या, 1999 च्या ‘थीफ गोल्ड’मध्ये तीन वाढून 15 झाल्या. जुन्या सीडीवरून आजच्या मशीनवर टाकला तर दोन गोष्टी हमखास बिघडतात. एकापेक्षा जास्त कोर असलेल्या प्रोसेसरवर गेम मधेच गोठतो किंवा बंद पडतो. आणि मोहिमांच्या मधले व्हिडिओ दिसत नाहीत, कारण ते इंडिओ या जुन्या कोडेकमध्ये, म्हणजे व्हिडिओ साठवायच्या पद्धतीत, आहेत. दोन्हींवर इलाज न्यूडार्कचा. 2012 मध्ये निनावी व्यक्तीने आणलेल्या या पॅचने डार्क इंजिन, म्हणजे गेम चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, आजच्या विंडोजवर नीट चालतं. टीफिक्स या पॅकेजमध्ये न्यूडार्कबरोबर मोहिमांमधल्या बारीक चुकांची दुरुस्तीही येते.

क्रम असा ठेवा. गेम प्रोग्रॅम फाइल्सच्या बाहेर, साध्या फोल्डरमध्ये टाका. आत टाकला तर विंडोज लिहायची परवानगी अडवतं आणि सेटिंग किंवा सेव्ह नीट टिकत नाहीत. एकही सेव्ह करण्यापूर्वी टीफिक्स चढवा. त्यात नव्या टेक्स्चरचे आणि मॉडेलचे पर्याय असतील तर परीक्षणासाठी ते घेऊ नका, मूळ दिसणं तपासायचं आहे. ब्लूम, म्हणजे दिव्याभोवती झळाळी पसरवणारा परिणाम, बंद ठेवा, नाहीतर मशालीभोवतीचा उजेड पसरून सावलीची कड कुठे संपते ते डोळ्यांना कळत नाही.

आवाजाची बाजू त्याहून नाजूक आहे. मूळ गेम साउंड कार्डच्या हार्डवेअरकडून दिशा आणि घुमणं काढून घ्यायचा. विंडोज व्हिस्टापासून डायरेक्टसाउंडचा तो हार्डवेअर थर गेला आणि अनेक वर्षं लोक या गेमचा सपाट आवाज ऐकत राहिले. न्यूडार्कमध्ये ध्वनीच्या पर्यायांत ओपनएएल निवडता येतं, ते हेच काम सॉफ्टवेअरमधून करतं. हेडफोन वापरत असाल तर ओपनएएल सॉफ्टच्या एएलसॉफ्ट डॉट आयएनआय फाइलमध्ये ‘एचआरटीएफ’ (हेडफोनमध्ये आवाजाची दिशा भासवणारी सोय) समोर ‘ट्रू’ लिहा. वर-खाली, पुढे-मागे यांतला फरक लगेच उघडा होतो.

जुळणी बरोबर झाली का, हे ‘डाउन इन द बोनहोर्ड’ या तिसऱ्या मोहिमेत पक्कं कळतं. क्विंटसचं शिंग शोधायचं असतं आणि त्याचे सूर भुयारांत दुरून ऐकू येतात. ‘थीफ’मध्ये आवाज भिंतीतून थेट कानावर येत नाही, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, दारांच्या आणि बोगद्यांच्या वाटेने येतो. म्हणून शिंगाचा सूर ज्या तोंडाकडून येतो, त्या तोंडाने गेलं की वाट सापडते. एका चौकात उभं राहून नुसतं गोल फिरून पाहा. सूर एका बाजूला स्पष्टपणे झुकला पाहिजे. दोन्ही कानांत सारखाच वाजत असेल तर आवाजाची सेटिंग चुकली आहे. तशा आवाजावर ही मोहीम खेळून तिला कंटाळवाणी ठरवणं हा तिच्यावर अन्याय आहे.

लाइट जेम म्हणजे स्क्रीनच्या तळाशी मधोमध असलेला उजेडाचा मणी. मॉनिटरच्या गॅमाशी त्याचा संबंध नाही, तुम्ही उभे आहात तिथला मोहिमेतला उजेड तो दाखवतो. खाली बसलं की मंदावतो. म्हणजे डोळ्यांना अंधार वाटला तरी मणी उजळला असेल तर मण्याचंच खरं मानायचं. आणि तलवार उपसलेली असेल तर तुम्ही जास्त उठून दिसता. नवखे खेळणारे तलवार हातात धरूनच फिरतात आणि सावलीत उभं राहूनही पकडले जातात ते यामुळे.

जमिनीची चाचणी लॉर्ड बॅफर्डच्या हवेलीत घेतली. पहारेकरी पाठमोरा असताना सेव्ह केलं आणि त्याच जागेवरून तीनदा गेलो: धावत, चालत आणि बसून सरकत. मग तेच गालिच्यावर. फरशीवर साधं चालणंही ऐकू जातं, धावलं तर पहारेकरी वळतोच. गालिच्यावर मात्र चालत त्याच्या पाठीशी पोचता येतं. धातूची जाळी सगळ्यांत वाईट. फरशी टाळताच येत नसेल तर मॉस अ‍ॅरो, म्हणजे पावलांचा आवाज दाबणारा शेवाळाचा बाण. तो सरळ पट्ट्यात वाया घालवू नका, वळणावर किंवा पहारेकऱ्याच्या थांब्याजवळच्या शेवटच्या पावलांसाठी ठेवा. पाण्याचा बाण मशाल विझवतो, विजेचा दिवा नाही. शहरातल्या मोहिमांत विजेचे दिवे भेटतात, तिथे मार्ग बदलावा लागतो. आणि दार लावून घ्या. बंद दारामुळे आवाज पलीकडे कमी जातो आणि उघड्या दारातून पडणारा उजेडाचा पट्टाही मिटतो. बेशुद्ध केलेला माणूस उजेडात सोडला तर पुढचा फेरी मारणारा पहारेकरी त्याला पाहून सावध होतो, हे सांगायला नको, तरी दर वेळी कुठेतरी एक राहतोच.

अडचण पातळी एक्स्पर्टच घ्या. तिथे उद्दिष्टं वाढतात आणि माणसं मारायला बंदी असते. नॉर्मलवर हा गेम तलवारीने रेटता येतो आणि मग त्याची तलवारबाजी किती अवघडलेली आहे एवढंच लक्षात राहतं.

भीतीच्या बाजूने पाहिलं तर ‘रिटर्न टू द कॅथेड्रल’ या मोहिमेजवळ फार काळ थांबावं लागलं. तिथवरच्या आठ मोहिमांत हात ज्या ब्लॅकजॅकवर, म्हणजे डोक्यात घालायच्या सोट्यावर बसलेला असतो, तो मेलेल्यांवर चालत नाही. झोंबी तलवारीने पाडला तरी काही वेळाने उठतो. त्याला कायमचा संपवायला पवित्र पाण्याने भारलेले पाण्याचे बाण किंवा अग्निबाण लागतात आणि ते मोजकेच असतात. हॉन्ट हे दुसऱ्या प्रकारचे मेलेले तर चपळ, हातात तलवार घेतलेले. पण मणी पूर्वीसारखाच खरं सांगतो आणि कानही खरंच सांगतात: हॉन्टची कुजबुज आणि साखळ्यांची खणखण दगडी मार्गिकेतून दुरूनच येते. माहिती पूर्ण आहे, हातातलं साधन मात्र गेलंय. दोन दालनांच्या मधल्या उंबऱ्यावर बसून ती साखळी जवळ येतेय की लांब जातेय हे ऐकत राहणं, हा या गेममधला सर्वांत भीतीदायक क्षण आहे आणि त्यात पडद्यावर काहीच हलत नाही. ब्रदर म्युरसच्या भुताने सांगितलेल्या कामांसाठी मात्र त्याच आवारात इतकं मागे-पुढे जावं लागतं की शेवटच्या भागात भीतीचा ताण सैल पडतो. परीक्षणात हा दोष नोंदवलाय. तरी संपूर्ण गेममधली ही सर्वोत्तम मोहीम, यावर मत पक्कं आहे.

‘सायलेंट हिल 2’, कोनामी, 2001. इथे खूण रेडिओची. राक्षस जवळ आला की खरखर सुरू होते, पण तो नेमका कुठे आहे हे ती सांगत नाही. ‘थीफ’च्या नेमकं उलट. टॉर्च बंद केला तर राक्षसांचं लक्ष कमी जातं, पण मग अंधारात नकाशा वाचता येत नाही आणि वस्तू नीट पाहता येत नाहीत. म्हणजे लपायचं असेल तर वाट विसरायची. अपार्टमेंटच्या मार्गिकांत नकाशा आधीच पाहून, तीन दारं पाठ करून, मग टॉर्च मालवून चालायची पद्धत चांगली लागू पडते.

आवृत्ती निवडताना जपा. 2012 च्या एचडी कलेक्शनसाठी जो सोर्स कोड मिळाला तो अंतिम आवृत्तीचा नव्हता. धुकं जागोजागी विरळ झालंय, तळ्यावर त्याचा परिणाम उघड दिसतो. 2002 ची पीसी आवृत्ती आणि त्यावर चाहत्यांनी बनवलेली एन्हान्स्ड एडिशन, ही जोडी आज सगळ्यांत विश्वासार्ह आहे. त्यातल्या डी3डी8 नावाच्या आयएनआय फाइलमध्ये एकेक दुरुस्ती चालू-बंद करता येते. नॉइज फिल्टर, म्हणजे पडद्यावरची ती दाणेदार झिलई, काढू नका. तिच्यामुळे धुक्याची कड आणि राक्षसाची कड एकमेकांत मिसळतात आणि रेडिओची अर्धवट माहिती डोळ्यांनी भरून काढता येत नाही.

मारामारीची आणि कोड्यांची अडचण पातळी वेगवेगळी ठरवता येते. पहिल्या फेरीला मारामारी नॉर्मल आणि कोडी हार्ड, हे जुळतं. गेमचे शेवट अनेक आहेत; दुसऱ्या फेरीत त्यांतला ‘इन वॉटर’ शेवट काढायचाय. त्यासाठी नायक जेम्सची तब्येत बराच वेळ खालावलेली ठेवायची, लगेच औषध घ्यायचं नाही. अँजेला या पात्राचा चाकू सामानातून काढून पुन्हा पुन्हा पाहायचा आणि रुग्णालयाच्या गच्चीवरची डायरी वाचायची. गेम कुठेही न विचारता खेळणाऱ्याची वागणूक मोजत असतो, हे कळल्यावर पहिल्या फेरीतल्या आपल्याच सवयी आठवू लागतात.

‘रेसिडेंट ईव्हिल’ रीमेकबद्दल थोडक्यात. 2015 च्या एचडी रीमास्टरमध्ये 16:9 निवडलं तर आधीच रेखाटून ठेवलेल्या पार्श्वभूमीचा वरचा-खालचा भाग कापला जातो आणि चित्र वर-खाली सरकत राहतं. 4:3 ठेवा, मूळ कॅमेऱ्याची चौकट पूर्ण मिळते. खरा डाव क्रिमझन हेडचा. डोकं न उडवता पाडलेला झोंबी जाळला नाही तर तो नंतर जास्त वेगवान होऊन उठतो. जाळायला लायटर आणि रॉकेल दोन्ही लागतं, बाटलीत दोनच वेळचं रॉकेल मावतं. ख्रिसकडे सामानाचे सहाच खाने, पण लायटर त्याच्याकडे स्वतंत्र असतो. जिलकडे आठ खाने, लायटर मात्र त्यांतला एक अडवतो. म्हणून ख्रिसच्या फेरीत असा हिशेब ठेवला: जेवणघर ते जिना या रोजच्या वाटेवरचे झोंबी जाळायचे, ज्या मार्गिकेत एकदाच जायचंय तिथल्यांना हूल देऊन निघायचं, गोळी घालायचीच नाही. वहीत नकाशा काढून पडलेल्या प्रत्येक देहावर फुली मारली तर दुसऱ्या तासानंतर त्या फुल्यांकडे बघूनच कुठलं दार उघडायचं ते ठरतं.

‘मेटल गियर सॉलिड’ (1998) या चौघांत माहितीबाबत सगळ्यांत उदार. रडारवर प्रत्येक पहारेकऱ्याच्या नजरेचा शंकू दिसतो आणि त्याच्या टोकापलीकडे पाऊलभर उभं राहिलं तरी तो पाहत नाही. पहारेकऱ्यांनी पाहून अलर्ट लागला की मात्र रडार बंद, नेमकी गरज असताना. चाफ ग्रेनेडने (इलेक्ट्रॉनिक यंत्रं गोंधळवणाऱ्या बॉम्बने) कॅमेरे आंधळे होतात, पण तेवढा वेळ तुमचं रडारही जातं. गोदीत डबक्यांतून धावलं की पाण्याचा आवाज पहारेकऱ्यांना ऐकू जातो. हेलिपॅडवरच्या बर्फात पावलांचे ठसे उमटतात आणि पहारेकरी ते पाहून माग काढत येतो. हाच मागोवा उलटा वापरता येतो: ठसे कंटेनरच्या मागे नेऊन ठेवायचे, स्वतः दुसऱ्या बाजूने फिरून त्याची मान धरायची. हेलिपॅडवर हे पाच वेळा करून पाहिलं. पहारेकरी ठशांवर असताना तुम्ही भिंतीवर ठोकलं तर तो ठसे सोडून आवाजाकडे वळतो, तेव्हा एका वेळी एकच आमिष. हार्ड पातळीवर रडार मुळातच नाही. पुढची फेरी तीच आहे, नॉर्मलवर पाठ झालेले शंकू रडारशिवाय किती आठवतात ते पाहायला.

त्यानंतर 2002 चा ‘स्प्लिंटर सेल’. पीसीवर आधी डीजीव्हूडू, म्हणजे जुन्या गेमचे ग्राफिक्स आजच्या कार्डावर चालवणारं सॉफ्टवेअर, बसवून सावल्यांचा ‘बफर’ प्रकार चालतो का ते बघायचं आहे. आजच्या ग्राफिक्स कार्डांवर तो सरळ चालू केला तर सावल्या बिघडतात, आणि ज्या गेमचं अख्खं शास्त्र सावलीवर उभं आहे तो तशा अवस्थेत तपासायला घेणार नाही.