तुम्ही विचारलंत म्हणून: दुखत नाही, मग दाखवायची कशाला?

माझ्या दोन्ही हातांवर मिळून नऊ गाठी आहेत. बाही वर सरकवली की दिसतात. त्यामुळे ओळखीत कुणालाही कुठे गाठ लागली की मला विचारलं जातं, जणू नऊ गाठी म्हणजे नऊ पदव्या. प्रश्न बहुतेक वेळा एकच: "अहो, जरासुद्धा दुखत नाही. मग दाखवायची कशाला?"

मी डॉक्टर नाही. पण याच प्रश्नावर मी स्वतः फसलोय, म्हणून लिहितो.

माझ्या गाठी मेदाच्या, डॉक्टरी भाषेत लायपोमा. दाबलं तर मऊ, बाजूने ढकललं तर बोटाखालून सुळकन निसटणाऱ्या. वडिलांच्या हातांवरही अशाच होत्या. काही घरांत त्या वारशानेच येतात. पहिली दिसली तेव्हा सर्जनने चाचपून सांगितलं की राहू दे, त्रास झाला किंवा वाढली तर ये. मी त्यातलं "राहू दे" एवढंच लक्षात ठेवलं.

पुढे मांडीत एक लागली, जरा खोलवर. हातावरच्यांचीच बहीण म्हणून मी तिला दोन वर्षं सांभाळली. पॅन्ट एकाच मांडीवर घट्ट व्हायला लागली तरी पॅन्टच आटली असं समजलो. शेवटी दुसऱ्याच कामासाठी डॉक्टरांकडे गेलो असताना जाता जाता दाखवली. त्यांनी दुखते का हे विचारलंच नाही. केवढी होती, केवढी झाली, आणि मांडी ताठ केल्यावर हलते का, एवढंच. पाच सेंटिमीटरच्या वर, खोल आणि वाढती: यातलं एक असलं तरी तपासावं, तुमच्यात तिन्ही आहेत, म्हणाले. हातावरच्या गाठींचं सर्टिफिकेट मांडीला चालत नाही, हेही त्यांचंच वाक्य.

सोनोग्राफी झाली, एमआरआय झाला, मग सुईने तुकडा काढला. "सुई लावली की पसरतं" असं घरात कुणीतरी म्हणालंच. मी ते सर्जनना विचारलं. अशा खोल गाठीत सुईची वाट नीट ठरवावी लागते, म्हणून ऑपरेशन करणाऱ्यानेच जागा ठरवायची, म्हणजे गरज पडली तर ती वाटही गाठीबरोबर काढता येते, असं त्यांनी समजावलं. सुईला घाबरून गाठ तशीच वाढू देण्यात धोका कितीतरी जास्त. माझी निघाली मेदाचीच, स्नायूच्या आत वाढलेली. पण रिपोर्ट येईपर्यंतच्या त्या आठ दिवसांत मला कळलं की स्नायू-मेदातला कॅन्सरही सुरुवातीला बहुधा दुखत नाहीच.

म्हणजे दुखत नाही हा दिलासा नव्हे. उलट दुखणारी गाठ अनेकदा साधी निघते: पिकलेलं केसतूड, नाहीतर अवधाण, म्हणजे सुजलेली लसिकाग्रंथी. घसा धरला, दाढ किडली, पायाला जखम झाली की गळ्यात, काखेत, जांघेत अवधाण येतं; मूळ दुखणं बरं झालं की दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. फक्त रोज चाचपू नका. माझी भाची दिवसातून दहा वेळा दाबून बघायची आणि वर विचारायची, मामा, हुळहुळी का झाली?

ओसरलं नाही, टणक होत गेलं, किंवा सोबत संध्याकाळचा ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम, विनाकारण उतरलेलं वजन असेल, तर मात्र थांबू नका. यामागे टीबी असू शकतो. जुनी माणसं ज्याला गंडमाळा म्हणायची ते बहुधा हेच, आणि ते गोळ्यांनी बरं होतं. लसिकाग्रंथींचा कॅन्सरही असू शकतो. गळपट्टीच्या हाडावरच्या खळग्यात गाठ लागली तर दोन-तीन आठवडेही वाट पाहायची नाही. छातीतल्या किंवा पोटातल्या आजाराची खूण तिथे उमटते. स्तनातली आणि वृषणातली गाठही लगेच दाखवायची. स्तनातली पुरुषांनीसुद्धा. लाजेपोटी यातच सगळ्यात जास्त वेळ जातो, असं मला वाटतं.

मधोमध काळा ठिपका असलेली गाठ ही बहुतेकदा कातडीखालची पिशवी असते. ती पिळायचा मोह आवरा. आतला घाणेरड्या वासाचा पांढरा ऐवज निघतो, पण पिशवी आतच राहते आणि पुन्हा भरते. आतल्या आत फुटली तर लालभडक सुजते ते वेगळंच.

मांडीच्या प्रकरणानंतर मी एक वही ठेवली आहे. दर सहा महिन्यांनी पट्टी लावून मापं लिहितो. बायको तिला गाठींचं प्रगतिपुस्तक म्हणते. नऊही जशाच्या तशा आहेत. परवा मनगटावर दहावी लागली. ही मऊ नाही, रबरासारखी आहे, आणि निसटतही नाही. दुखत तर मुळीच नाही. गुरुवारची वेळ घेतली आहे.