सज्जनगडावर भेटलेली दुसरी ट्रायबर

आज घरचे सातही जण एकाच गाडीतून, आमच्या सात सीटांच्या रेनॉ ट्रायबरमधून, सज्जनगडाला जाऊन आलो. समर्थांच्या समाधीचं दर्शन झालं, महाप्रसाद घेतला. खाली आलो तर आमच्या ट्रायबरला खेटूनच दुसरी ट्रायबर उभी, कराडची. मग काय, अर्धा तास गप्पा!

त्या दादांचा पहिलाच प्रश्न, "मागं कोण बसवताय?" म्हटलं, पोरं. ते म्हणाले, "आमच्यात पण तसंच. मोठ्या माणसाचं गुडघं पार छातीला लागत्यात." खरं आहे. चार मीटरच्या आत तीन रांगा बसवल्यात, कुठंतरी तडजोड येणारच. सातही सीटा लावल्या की डिकी उरते ८४ लिटर. आज आईची पिशवी, पाण्याचा कॅन आणि कंदी पेढ्यांचे दोन बॉक्स, संपली जागा.

इंजिन ९९९ सीसीचं. भरल्या गाडीत गडाचा चढ दुसऱ्या गिअरवर सावकाश चढायचा, यावर आमचं दोघांचं एकमत. वहिनींचं मत मला सगळ्यात पटलं. त्या म्हणाल्या, "सासूबाई मागं राहिल्या नाहीत कधी, एवढं बास." आमच्या आईनं लगेच मान डोलावली. आधीच्या गाडीत दर वेळी कुणीतरी घरी थांबायचं, आणि बहुतेक वेळा तीच थांबायची.

आत्ता जेवणं झाल्यावर मागच्या दोन्ही सीटा काढून ओसरीवर ठेवल्यात. आता डिकी ६२५ लिटर. पहाटे आल्याची पोती घेऊन मार्केट यार्डात जायचंय.