जुना प्रायमरी खरंच थांबला का? क्लस्टर निवडताना आधी हे विचारा

डेटाबेससाठी क्लस्टरिंग सॉफ्टवेअर निवडायला बसलं की चर्चा फेलओव्हर, म्हणजे एक मशीन पडल्यावर दुसऱ्याने त्याची जागा घेणं, किती सेकंदांत होतो यावर येऊन अडकते. तो आकडा नंतर बघा. आधी विचारा: नवा प्रायमरी (ज्या मशीनवर डेटा लिहिला जातो ते) उभा राहण्यापूर्वी जुना थांबला आहे, याची खात्री कोण करतं आणि कशी? नेटवर्क तुटल्यावर पलीकडचं मशीन बंद पडलंय की नुसतं दिसेनासं झालंय, हे अलीकडून कळत नाही. दोन्ही मशीन स्वतःला प्रायमरी समजून लिहीत राहिली की स्प्लिट ब्रेन झाला, आणि मग दोन्हीकडच्या नोंदी माणसानेच बसून जुळवायच्या.

२१ ऑक्टोबर २०१८ ला गिटहबमध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची जोडणी फक्त ४३ सेकंद तुटली. ऑर्केस्ट्रेटर या फेलओव्हर करणाऱ्या सॉफ्टवेअरने पश्चिमेकडचे मायएसक्यूएल सर्व्हर प्रायमरी केले. पूर्वेला झालेल्या थोड्या नोंदी तोवर पश्चिमेला पोचल्याच नव्हत्या. सगळं पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. फेलओव्हर मात्र ठरवून दिल्याप्रमाणेच झाला होता.

पेसमेकर आणि कोरोसिंक या क्लस्टर सॉफ्टवेअरच्या जोडीकडे यावर थेट उत्तर आहे, स्टॉनिथ. शंका आली की समोरच्या मशीनची वीज तोडायची, ती तुटल्याची खात्री झाली की मगच पुढचं पाऊल. सेटअप करताना स्टॉनिथ नाही म्हणून तक्रार येते, आणि ती घालवायला बरेच जण स्टॉनिथच बंद करतात. असं करू नका. मग पेसमेकर घेण्यात अर्थ उरत नाही. दुसरी खोच कमी जणांना माहीत असते. फेन्सिंग (असं मशीन बंद पाडणं) आयपीएमआयवर, म्हणजे सर्व्हरमधल्याच दूरनियंत्रण चिपवर, असेल आणि सर्व्हरचा वीजपुरवठाच गेला, तर आयपीएमआयही त्याच्याबरोबर मरतं. खात्री मिळत नाही, क्लस्टर वाट पाहत बसतो आणि डेटाबेस बंदच राहतो. म्हणून दुसरा मार्ग हवा: नियंत्रित पीडीयू (दुरून बंद करता येणारा वीजबोर्ड) किंवा एसबीडी (सामायिक डिस्कवरचा निरोप वाचून मशीन स्वतःच रीसेट होतं). दोनच नोड (क्लस्टरमधली मशीन) असतील तर एकाच्या फेन्सिंगला काही सेकंदांचा उशीर लावा, नाहीतर दोघंही एकाच क्षणी एकमेकांना बंद करतात.

पोस्टग्रेस डेटाबेसचा फेलओव्हर सांभाळणारा पॅट्रोनी घेत असाल तर त्याची रीत वेगळी आहे. प्रायमरी ईटीसीडीमधली (अनेक मशीनवर एकसारखी ठेवलेली छोटी नोंदवही) ‘लीडर की’ ही मुदतीची नोंद सतत नव्याने धरून ठेवतो. ही की राखता आली नाही तर पॅट्रोनी स्वतःच पोस्टग्रेसला प्रायमरीपदावरून उतरवतो. मूळ सेटिंगमध्ये टीटीएल (कीची मुदत) ३० सेकंद, लूप वेट (दोन तपासण्यांमधली वाट) १० आणि रिट्राय टाइमआउट (पुन्हा प्रयत्न करण्याची मर्यादा) १० असतो. टीटीएल कमी करायचा मोह झाला तर एक हिशेब लक्षात ठेवा: लूप वेट अधिक रिट्राय टाइमआउटची दुप्पट, ही बेरीज टीटीएलपेक्षा जास्त होता कामा नये.

यातली फट एका चाचणीत दिसते. प्रायमरीवरच्या फक्त पॅट्रोनी प्रोसेसला स्टॉप सिग्नल द्या. पॅट्रोनी गोठतो, पोस्टग्रेस मात्र चालूच. लीडर कीची मुदत संपते, दुसरा नोड प्रायमरी होतो आणि आता दोन झाले. कनेक्शन प्रायमरीकडे वळवणाऱ्या एचएप्रॉक्सीची हेल्थ चेक पॅट्रोनीलाच विचारते, त्यामुळे नवी कनेक्शन जुन्याकडे जात नाहीत. पण आधीची उघडी कनेक्शन तिथेच लिहीत राहतात. सर्व्हर डाउन ठरताच त्याची सेशन तोडायचा पर्याय एचएप्रॉक्सीत चालू करा, आणि पॅट्रोनीत वॉचडॉग (वेळेत हाक आली नाही तर मशीन रीसेट करणारा) ‘रिक्वायर्ड’ ठेवा. मूळ सेटिंगनुसार वॉचडॉग टीटीएल संपायच्या ५ सेकंद आधी मशीन रीसेट करतो. हार्डवेअर वॉचडॉग असेल तर तोच घ्या. सॉफ्टडॉग, म्हणजे सॉफ्टवेअरमधला वॉचडॉग, कर्नेलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) भरवशावर असतो, कर्नेल अडकला की तोही अडकला.

ईटीसीडी तीन नोडवर ठेवा. चार केलेत तरी सोसवतो एकच बिघाड, दोन सोसायला पाच लागतात. त्याला डेटाबेसच्या डिस्कवर मात्र बसवू नका. ईटीसीडी प्रत्येक नोंद डिस्कवर सिंक करतो (खरोखर लिहिली गेल्याची खात्री करतो) आणि त्याच्या ९९ टक्के सिंक १० मिलिसेकंदांच्या आत व्हायला हव्यात. जड चेकपॉइंट (मेमरीतले बदल डिस्कवर उतरवणं) किंवा बॅकअप त्याच डिस्कवर सुरू झाला, की सिंक रेंगाळतात, लीडर की वेळेत राखली जात नाही आणि धडधाकट प्रायमरी विनाकारण खाली उतरतो.

मायएसक्यूएल आणि मारियाडीबीसाठीचा गॅलेरा वेगळ्या जातीचा. तिथे सगळे नोड लिहू शकतात, पण फ्लो कंट्रोलमुळे (मागे पडलेल्यासाठी बाकीच्यांनी थांबणं) सर्वांत हळू नोड सगळ्यांचा वेग ठरवतो. दोन नोडवर एकच ओळ बदलली तर एकाला कमिटच्या (बदल पक्का करण्याच्या) वेळी डेडलॉकची एरर येते, आणि ॲप्लिकेशनमध्ये पुन्हा प्रयत्न करायची सोय नसेल तर गॅलेरा घेऊ नये. अलीकडचे बदल जपून ठेवणाऱ्या जीकॅशचा मूळ आकार १२८ एमबी, जो बहुतेक ठिकाणी अपुरा पडतो. नोड थोडा जास्त वेळ बाहेर राहिला की संपूर्ण डेटा पुन्हा कॉपी होतो.

आता किती नोंदी गमावायला तयार आहात? असिंक्रोनस रेप्लिकेशनमध्ये (दुसऱ्या प्रतीला नोंद पोचण्याची वाट न पाहता) शेवटच्या काही नोंदी जाऊ शकतात. पॅट्रोनी मूळ सेटिंगमध्ये १ एमबीपर्यंत मागे असलेला स्टँडबाय (राखीव प्रत) फेलओव्हरसाठी चालवून घेतो. सिंक्रोनस मोड (स्टँडबायला नोंद पोचल्यावरच कमिट) लावला तरी एकही स्टँडबाय उरला नाही, तर पॅट्रोनी सिंक सोडून काम पुढे चालू ठेवतो. हे नको असेल तर स्ट्रिक्ट मोड लावा; मग स्टँडबाय नसताना लेखन थांबेल.

निवड पक्की करण्याआधी एक छोटी स्क्रिप्ट लिहा. तिने चढत्या क्रमांकाची एकेक ओळ डेटाबेसमध्ये टाकत राहावं आणि कमिटचं उत्तर आलेले क्रमांक वेगळ्या मशीनवरच्या फाइलमध्ये लिहावेत. ती चालू असताना केबल काढा, वीज तोडा, पॅट्रोनी गोठवा, डिस्क भरून टाका. दर वेळी फाइलमधले क्रमांक नव्या प्रायमरीवर शोधा, आणि जुन्या प्रायमरीवर त्यानंतर किती ओळी पडल्या तेही मोजा.